दुष्काळी मुलखातली उपास-प्रार्थना

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांचा दिनक्रम बदलतो. कुणी एक वेळ जेवतो, कुणी मटण-मासळी सोडतो. संध्याकाळी पाळीपाळीने घरोघर प्रार्थना होते, शुक्रवारी मंडळी उपास-प्रार्थनेला जमते. हे सारे पहिल्या मिशनऱ्यांनीच आणले असावे, असे सहज वाटते. पण नगरच्या सर्वांत जुन्या प्रोटेस्टंट मंडळीत चाळीस दिवसांचा उपास, म्हणजे लेंट, बराच उशिरा आला. तिचा मूळचा उपास वेगळ्या घराण्यातला होता.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले. हे मिशन चालवणारे अमेरिकन बोर्ड १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघाले, प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांतून. प्युरिटनांनी लेंट आणि गुड फ्रायडे तर सोडलेच होते, नाताळही सोडला होता. शास्त्रात नेमून दिलेला नाही तो सण पाळायचा नाही, असा त्यांचा कडक बाणा. उपास मात्र त्यांनी टाकला नाही. पंचांगातून काढून प्रसंगावर ठेवला. साथ, युद्ध किंवा अवर्षण आले की दिवस जाहीर व्हायचा, कामे थांबायची आणि सगळी वस्ती एकत्र बसून पापकबुली व प्रार्थना करायची. १६२३ च्या उन्हाळ्यात प्लिमथ वसाहतीतला मका करपू लागला, तेव्हा असाच दिवस पाळला गेला आणि पाऊस आला. गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी ते लिहून ठेवले आहे.

आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या नगरच्या मुलखाला अशा उपासाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. अवघड होते ते दुसरेच. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या बहुतांशी महार-मांग कुटुंबांच्या, आणि १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी त्यांना होरपळून काढलेले. ज्याच्या घरी भाकरीचाच भरवसा नाही, त्याला अन्न सोडण्याचे पुण्य कोणत्या तोंडाने सांगायचे? यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव स्वतःच सांगतो की भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे आणि जोखड मोडणे हाच त्याला आवडणारा उपास. माझ्या मते नगरच्या उपासाचा खरा पाया या अध्यायात आहे, आणि प्रत्येक लेंटमध्ये तो मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

एकत्र प्रार्थनेची कुळी आणखी निराळी. १७८४ साली इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या बाप्तिस्त मंडळ्यांनी महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासभर प्रार्थनेला जमायचे ठरवले; पुढे अमेरिकन बोर्डाच्या मंडळ्यांनीही हा सोमवार धरला. जानेवारीतला प्रार्थना सप्ताह मात्र विलायतेहून आलेला नाही, तो आपल्याकडूनच जगभर गेला. १८५८ मध्ये पंजाबातल्या लुधियाना मिशनने साऱ्या जगातल्या मंडळ्यांना हाक दिली आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला. त्याच दशकात नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन उभे करत होते. बाकावर निमूट बसणाऱ्या उपासनेला त्यामुळे वीणा, टाळ आणि श्रोत्यांचा सूर मिळाला.

चाळीस दिवस आले ते रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन वाटेने. १८७० च्या दशकापासून नगर भागात जेझुइट धर्मगुरू आणि अँग्लिकनांचे एस. पी. जी. मिशन काम करू लागले. लेंट दोघांच्याही वार्षिक क्रमातच होता. प्युरिटन वळणाच्या मंडळ्यांनी तो हळूहळू, शेजाऱ्यांच्या संगतीने स्वीकारला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि दोन्ही परंपरांच्या अनेक मंडळ्या एका छपराखाली आल्या. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चालणारी, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना तर पेरूमधल्या लिमा शहरातली. तिथे १६८७ च्या भूकंपानंतर आलोन्सो मेसिया या जेझुइटाने ती सुरू केली. ज्या घराण्याने गुड फ्रायडेच नाकारला होता, त्याच्या नगरी वारसांनी ही उपासना इतकी आपली केली की पाळक, शिक्षक, तरुण मंडळी एकेक उद्गार वाटून घेतात.

शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, ते कुठून आले? एकच उगम दाखवता येणार नाही, पण जवळचा एक झरा भीमेपलीकडे आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, १९०५ च्या आरंभी मुलींचे प्रार्थनागट रोज जमू लागले आणि जूनमध्ये तिथे संजीवन उसळले. शेकडो मुली एकदम, रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. त्यांतल्या कित्येकजणी रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. उपाशी राहणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.