रुग्णालयातील कीटक आणि जंतुसंसर्ग

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतील रुग्णालयांत उत्तर कर्नाटकाच्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात खाटेशेजारी डबे, फळे, ओले कपडे असतात. माशी, झुरळ व मुंगी यांना अन्न आणि ओलावा अनायासे मिळतो.

हे कीटक रोगजंतूंची ने-आण करतात. माशीच्या पायांवरील केसांना घाण चिकटते. खाताना ती पोटातील द्रवही अन्नावर ओकते. झुरळ रात्री गटारातून निघून स्वयंपाकघरात व कक्षांत फिरते. दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातील जवळजवळ प्रत्येक झुरळावर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे सूक्ष्मजीव आढळले. ब्रिटनमधील रुग्णालयांत फॅरो मुंग्याही जंतुवाहक ठरल्याचा अहवाल १९७२ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला.

कीटकावर जंतू सापडला, म्हणजे रुग्णाला संसर्ग त्याच्यामुळेच झाला असे सिद्ध होत नाही; अस्वच्छ हात हाच संसर्गाचा प्रमुख मार्ग होय. तथापि नवजात बालके, भाजलेले व शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्या बाबतीत लहानसा धोकाही महागात पडतो.

केवळ फवारणी पुरत नाही. फॅरो मुंग्यांवर फवारणी केल्यास वारूळ फुटून अनेक नवी वारुळे तयार होतात. तेथे विषारी आमिषच उपयोगी पडते. गटारांवर जाळ्या, भिंतींतील फटी बुजवणे, झाकलेला कचरा आणि खाटेजवळ उघडे अन्न न ठेवणे, हेच खरे उपाय. यांतील शेवटचा नातेवाइकांच्याच हाती आहे.