निमे रुपये शंभर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी वाईला आक्काकडे जाऊन आलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता ऐंशी पार. तिची गोष्ट इथे लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "लिही, पण गावभर माझं हसं करू नकोस."

दिवाळीनंतर तिला एक फोन आला. बोलणाऱ्याने "आजी" म्हटलं, दाजींचं पूर्ण नाव घेतलं, खातं कुठल्या शाखेत आहे तेही सांगितलं. तुमचं केवायसी राहिलंय, संध्याकाळपर्यंत खातं बंद होईल, पेन्शन अडकेल. पेन्शनचं नाव निघाल्यावर आक्काने मोबाइलवर आलेले सहा आकडे वाचून दाखवले. चोपन्न हजार गेले. ती कोणाला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी "पैसे परत मिळवून देतो" असा दुसरा फोन आला आणि आणखी तीस हजार गेले. पाचव्या दिवशी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, नंबर सांगितलासच कसा?" मग शेजाऱ्यांनी, बँकेतल्या मुलीने, तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने, सगळ्यांनी तिला तेवढंच विचारलं.

मी इतिहासाचा मास्तर. उपाय सुचला नाही तर जुने कागद काढून बसायची खोड. आमच्या आजोबांची वाईत धान्याची पेढी होती. त्यांच्या ट्रंकेत एक मोडीतली हुंडी आहे, शके १८४० च्या सुमाराची, कऱ्हाडच्या एका पेढीने आजोबांवर लिहिलेली. रक्कम दोनशे रुपये. निवृत्तीनंतर मोडी शिकलो ते मुख्यतः हा कागद वाचता यावा म्हणून. त्यात रक्कम आकड्यात आहे, अक्षरात आहे, आणि वर असंही लिहिलंय की निमे रुपये शंभर, त्याचे दुप्पट पुरे दोनशे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. दोनशेचं निम्मं शंभर हे काय सावकाराला सांगावं लागतं? पण खाडाखोड करणाऱ्याला दोनशेचे बाराशे करायचे तर शंभराचे सहाशेही करावे लागणार, आकडा आणि अक्षर दोन्ही पुसावी लागणार. एकाच कागदात तीन-चार कुलुपं!

ही काळजी काही आजोबांची नव्हती, जुनीच रीत. शिवकाळातल्या सरकारी पत्राचा मजकूर संपला की तिथे मोर्तबाचा छोटा शिक्का उठवत. कशासाठी? पत्र इथे संपलं, पुढे कोणी मनाने ओळ घालायची नाही. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातलं मोर्तब हे मुळात रिकाम्या जागेवर बसवलेलं कुलूप होतं, हे वर्गात सांगितलं की पोरं कान टवकारत. (बाकी तासाला झोपत, ते सोडा.) हुंडीचंही तसंच. हुंडी लिहिणारा पैसे देणाऱ्याला वेगळं पत्र धाडून कळवी, की अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे. हुंडी हरवली तर तिची पैठ निघे, पैठही हरवली तर परपैठ. आणि पैसे चुकते झाल्यावर त्या कागदाला म्हणत खोखा, म्हणजे आता त्याला बाजारात किंमत नाही. ट्रंकेतला आमचा कागद खोखाच आहे.

पण मला सांगायचंय ते शाहजोगाबद्दल. हुंडीचे प्रकार पुष्कळ. दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी पैसे, मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनी. आजोबांवरची हुंडी शाहजोग होती. शाह म्हणजे बाजारात ज्याची पत आहे असा माणूस. कोणी उपरा हुंडी घेऊन दारात आला तर त्याच्या हातावर पैसे ठेवायचे नाहीत. त्याने गावातला एखादा शाह पुढे करायचा, पैसे शाहाने घ्यायचे. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते भरून द्यायचे, असा रिवाज. म्हणून शाहही आधी त्या उपऱ्याची चौकशी करी. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, त्यातही देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले.

आता आक्काचे पैसे बघा. ते हवेत विरले नाहीत, कोणाच्या तरी खात्यात गेले. ते खातं कोणीतरी कागदपत्रं पाहून उघडून दिलं असणार. अशी खाती चार पैसे देऊन दुसऱ्यांच्या नावावर भाड्याने घेतात म्हणे. म्हणजे आजच्या व्यवहारातही पैसे घेणाऱ्या बाजूला एक शाह बसलेला आहेच. पण त्याला कोणी विचारलं नाही, "तू ओळख पटवलीस कशी?" विचारलं ते ऐंशी वर्षांच्या बाईला.

कुलुपं आपणही वाढवली, नाही असं नाही. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण सक्तीची झाली, त्यातूनच हे ओटीपी आपल्या अंगवळणी पडले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारीही वाटून दिली. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. हे वाचलं आणि पोटात गलबललं. पहिल्याच दिवशी आक्का बोलली असती तर चोपन्नांचं काय झालं असतं कोण जाणे, पण पुढचे तीस हजार बहुधा गेले नसते. ती बोलली नाही, कारण आपण घरात काय म्हणू ते तिला पाठ होतं.

तक्रारीचा नंबर १९३०. मिठाच्या सत्याग्रहाचं साल, म्हणून माझ्या लक्षात राहतो. आक्काच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून आलो. भाच्यालाही चार शब्द ऐकवले, तो मामावर थोडा रागावलेला आहे.

निघताना आक्काला हुंडीची झेरॉक्स दाखवली. बराच वेळ निरखून म्हणाली, "एवढं सगळं करून आजोबांना कधी कोणी फसवलंच नाही का रे?"

"माहीत नाही. फसले असले तरी सांगितलं नसतं त्यांनी."

"हं," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

चौऱ्याऐंशीपैकी अकरा हजार एका खात्यात गोठवलेले सापडले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलंय. पुढच्या सोमवारी भाचा अर्ज घेऊन जाणार आहे, मीही बरोबर जाईन म्हणतो.