पोलीस भरती: नुसतं पळून भागत नाही

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण. 100 मीटर आणि गोळाफेकीचे प्रत्येकी 15. म्हणजे 30 गुण वेग आणि ताकदीचे. तरी गावोगावची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर फक्त लांब पळतात. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. तो नुसत्या दंडाने जात नाही, मांड्या आणि कंबरेतून जोर लागतो. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर-बैठका हव्यात. जिम नसली तरी खांद्यावर वाळूचं पोतं चालतं. जड बैठकांच्या दुसऱ्या दिवशी मात्र घड्याळ लावून पळू नये, पाय भरलेले असतात. नडगी दुखू लागली तर डांबर सोडून मातीवर यावं.