जनगणनेतील घरोघरची गणना (भारत)

देशातील प्रत्येक वस्ती, इमारत आणि कुटुंब गाठून माणसे मोजण्याची भारतीय जनगणनेची पद्धत. जनगणनेचा आकडा दिल्लीत जाहीर होत असला, तरी त्याचा खरेखोटेपणा दारोदार मोजणी करणाऱ्या प्रगणकाच्या गल्लीतच ठरतो. एकही दार सुटू नये आणि एकही माणूस दोनदा लिहिला जाऊ नये, या दोन अटींभोवती सारी पद्धत उभी आहे.

1872 पर्यंतची पहिली मोजदाद निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली जनगणना 17 फेब्रुवारी 1881 ची. तेव्हापासून 1931 पर्यंत एका ठरावीक रात्रीत माणसे मोजली जात आणि प्रगणकांना अंधारात फिरावे लागू नये म्हणून तारीख निवडताना चांदणेही पाहिले जाई. 1941 मध्ये हा एका रात्रीचा खटाटोप सोडून काही दिवसांच्या मुदतीत मोजणी करण्याची पद्धत आली. ती आजही चालू आहे. स्वतंत्र भारतातील जनगणना 1948 च्या जनगणना अधिनियमानुसार होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील महानिबंधक व जनगणना आयुक्त तिचे प्रमुख असतात. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि तालुक्यात तहसीलदार ती राबवतात. दारावर येणारा माणूस मात्र बहुधा शाळामास्तर असतो. 2011 मध्ये अशा सुमारे 27 लाख प्रगणक-पर्यवेक्षकांनी देश पिंजून काढला.

मोजणीपूर्वी जिल्हे, तालुके, गावे यांच्या हद्दी गोठवतात. मोजणी चालू असताना नगरपालिकेची हद्द वाढली, तर एकच वस्ती दोन याद्यांत जाईल किंवा कोणत्याच यादीत येणार नाही. मग गावाचे किंवा वॉर्डाचे सुमारे 600 ते 800 लोकवस्तीचे प्रगणन गट पाडतात. प्रत्येक प्रगणकाला एक गट आणि सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक, अशी साधारण वाटणी असते.

गणना दोन टप्प्यांत होते. पहिला घरयादीचा. 2011 च्या जनगणनेसाठी तो एप्रिल ते सप्टेंबर 2010 या काळात राज्याराज्यांनी आपापल्या सोयीने पार पाडला. प्रगणक आपल्या गटाची हद्द पायी फिरून पाहतो आणि नजरी नकाशा काढतो. नकाशात पक्क्या राहत्या इमारतीसाठी चौकोन, कच्च्यासाठी त्रिकोण असतो. दुकान, शाळा, गोदाम अशा बिगरनिवासी इमारतींची आकृती रेघांनी भरतात. क्रमांकांची दिशा बाणांनी दाखवतात. मग दारांवर क्रमांक पडतात. आधी इमारतीचा, त्यापुढे कंसात घराचा, आणि एका घरात दोन कुटुंबे असतील तर प्रत्येकाला वेगळे अक्षर. चाळीतल्या बाराव्या इमारतीची तिसरी खोली 12(3) होते. बंद घर, पडीक वाडा, देवळामागची खोली यांनाही क्रमांक मिळतो. 2011 मध्ये अशी सुमारे 33 कोटी घरे नोंदली गेली. त्यांपैकी जवळजवळ अडीच कोटी रिकामी होती.

जनगणनेच्या भाषेत घर म्हणजे स्वतंत्र मुख्य दार असलेला इमारतीचा भाग, आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. रक्ताच्या नात्याची अट नाही. एकाच छताखाली राहणाऱ्या दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर कुटुंबे दोन. मेसमध्ये एकत्र जेवणारी वसतिगृहातली मुले किंवा तुरुंगातले कैदी हे ‘संस्थात्मक कुटुंब’. वाटणीचे कागद काय म्हणतात याच्याशी प्रगणकाला देणेघेणे नसते. तो चूल विचारतो.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष माणसे मोजतात. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी ही मुदत होती आणि संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, होता 1 मार्चच्या 00.00 वाजताचा. बर्फाच्छादित भागांसाठी हाच क्षण 1 ऑक्टोबर 2010 चा धरला होता. नेहमीचा रहिवासी या मुदतीत काही काळ जरी घरी असला, तरी त्याची नोंद घरीच होते. पूर्ण मुदत बाहेर असलेला जिथे सापडेल तिथे मोजला जातो. नियम साधा दिसतो, पण बीडच्या ऊसतोड कामगारांना तो लावून पाहावा. फेब्रुवारीत गळीत हंगाम जोरात असतो. गावातल्या घराला कुलूप, आणि माणसे कारखान्याच्या परिसरात तात्पुरत्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत. ती पूर्ण मुदत तिथेच असतील तर त्यांची गणनाही तिथेच व्हायला हवी; पण घरयादी झाली तेव्हा त्या कोप्या उभ्याच नव्हत्या. म्हणून दुसऱ्या टप्प्यात नव्या वस्त्यांची शोधाशोध करावी लागते. ती नेटकी होते की उरकली जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

बेघरांना मात्र आजही एकाच रात्रीत गाठतात. 28 फेब्रुवारीच्या रात्री पथके फलाट, पदपथ, उड्डाणपुलाखालच्या जागा, देवळांचे मंडप आणि मोठे सिमेंटचे पाइप तपासतात. त्यानंतर 1 ते 5 मार्च या काळात प्रगणक पुन्हा घरोघर जाऊन पहिल्या भेटीनंतर संदर्भक्षणापर्यंत झालेले जन्म वाढवतो आणि मृत्यू वगळतो. मध्यरात्रीनंतर जन्मलेले बाळ पुढच्या जनगणनेचे.

प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. पुराव्याचे कागद मात्र दाखवावे लागत नाहीत. नोंदी गोपनीय असतात आणि एरवी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. याच कायद्यात एक मजेदार सवलत आहे. रूढीने ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्या पतीचे नाव सांगण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येत नाही. म्हणजे दारात उखाणा घ्यायला लावणे प्रगणकाच्या अधिकारात बसत नाही.

2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली. 16 जून 2025 च्या अधिसूचनेने पुढचा संदर्भक्षण 1 मार्च 2027 ठरवला असून मोबाइल अ‍ॅपवर नोंद, कुटुंबाने स्वतः माहिती भरण्याची सोय आणि 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची गणना या तिच्या नव्या बाबी आहेत. अ‍ॅपने छाननीचा वेळ वाचेल. कोपी शोधायला पायीच जावे लागेल.

किती माणसे सुटली हे तपासण्यासाठी गणनेनंतर काही निवडक गट नव्याने मोजतात. 2011 च्या अशा पाहणीत दर हजारी सुमारे 23 माणसे निव्वळ सुटल्याचे आढळले, आणि हे प्रमाण खेड्यांपेक्षा शहरांत जास्त होते. 121 कोटींच्या देशात ही तूट अडीच कोटींच्या वर जाते. प्रसिद्ध होणाऱ्या लोकसंख्येत ती मिळवली जात नाही.