मुकादमाच्या जागी आलेला साहेब

'एचआर' म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते, कारण पुस्तकं तिकडची. आपल्याकडे मात्र हे पद गिरणीच्या दारात जन्मलं, आणि तेही लाचखोरीला आळा घालण्यासाठी.

१९२०च्या दशकातली मुंबईची गिरणी घ्या. पहाटे दाराशी बदली कामगारांचा घोळका उभा असे. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, येऊन नजर फिरवी आणि ज्याच्याकडे बोट करी तो आत जाई. हे बोट फुकट हलत नसे. कामाला लागताना दस्तुरी द्यायची, पुढे पगार झाला की पुन्हा त्याचा हात ओला करायचा. बायकांच्या खात्यात हाच कारभार नायकिणीकडे असे. यात मालकाचंही भलं नव्हतं. आपल्या मागांवर कोण उभं आहे हे त्याला ठाऊक नसे, आणि जॉबर बिथरला तर त्याची माणसंही त्याच्यामागून बाहेर पडत.

कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशननं १९३१च्या अहवालात यावर उपाय सुचवला: भरती जॉबरच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा. त्याच्याशिवाय कुणाला कामावर घ्यायचं नाही आणि खुद्द मॅनेजर सोडला तर त्याच्या संमतीशिवाय कुणी कुणाला काढायचंही नाही. तो सचोटीचा हवा, माणसं ओळखणारा हवा, आणि त्याला भाषा याव्यात. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कार्डं आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक बदल्यांना कार्ड मिळे आणि रोज सकाळी आधी त्यांचा विचार होई. जॉबर काही एका रात्रीत संपला नाही, पण त्याच्या बोटाचा भाव उतरला. १९३६ साली मुंबईत टाटांच्या पैशांतून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आजची 'टिस'. या कामाला शिकलेली माणसं तिथून मिळू लागली.

आता हुबळीकडे येऊ. हुबळीचा धारवाड जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होता, त्यामुळे हुबळीचा कामगारही मुंबईच्याच कामगार कायद्यांखाली येई. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं तर ५०० किंवा जास्त कामगारांच्या प्रत्येक कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर बंधनकारक केला, आणि बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आली पाहिजे अशी अट नियमांत आली. हुबळीसारख्या रेल्वे वर्कशॉपच्या गावात ही अट नुसती शोभेची नव्हती. इथे कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू एकाच शेडखाली नांदतात. कापलेल्या ओव्हरटाइमचं गाऱ्हाणं एका भाषेत ऐकायचं आणि दुसऱ्या भाषेत वरच्या साहेबाच्या गळी उतरवायचं, तर दुभाष्यावर भागत नाही.

केंद्राच्या नमुना नियमांतलं एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. वेल्फेअर ऑफिसरनं कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणं हाताळायची नाहीत आणि कोर्टात मालकाच्या बाजूनं त्याच्याविरुद्ध उभंही राहायचं नाही. पगार मालक देणार, पण हत्यार म्हणून वापरणार नाही! प्रत्यक्षात काय झालं ते शॉप फ्लोअरवरच्या कुणालाही विचारा. सकाळी कॅन्टीनच्या पातळ सांबाराची तक्रार ज्या केबिनमध्ये ऐकली जाते, तिथूनच दुपारी चार्जशीट निघते. मग तिथे मनातलं बोलायला जाणार कोण? गाऱ्हाणं मग युनियनच्या पत्रातून, नाहीतर थेट संपाच्या नोटिशीतून मालकापर्यंत पोचतं, आणि तोवर ते महाग झालेलं असतं. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळा ठेवण्यात मालकाचाच फायदा आहे, हे नियम लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं.

२०२०च्या नव्या कामगार संहितेनं वेल्फेअर ऑफिसरसाठीचा ५००चा आकडा २५०वर आणला. तरी हुबळीच्या गोकुळ रोडला किंवा तारिहाळला पन्नास-साठ माणसांवर चालणाऱ्या युनिटला हा नियम लागू नाहीच. तिथे अकाउंटंटच एचआर असतो, आणि हेल्पर हवे असले की लेबर कॉन्ट्रॅक्टरला फोन जातो. कुणाला पाठवायचं ते कॉन्ट्रॅक्टर ठरवतो, पगारही त्याच्याच हातून जातो, आणि मशीनवर आज कोण उभं आहे हे मालकाला पुन्हा ठाऊक नसतं.