थोरली मेमकॉपी, धाकटी मेमकॉपी

2010 सालच्या अखेरीस ज्यांनी फेडोरा 14 ही लिनक्सची नवी आवृत्ती घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या संगणकावर फ्लॅश प्लेअरमधली गाणी चिरकू लागली. फ्लॅशमध्ये काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती त्याच्याखालची ग्नू सी लायब्ररी, प्रोग्रामरांच्या बोलण्यातली जीलिबसी. तिच्यातही एकच काम वेगळ्या तऱ्हेने होऊ लागले होते, ते म्हणजे मेमकॉपी.

मेमकॉपीचे काम साधे. मेमरीतल्या एका जागेवरचा मजकूर दुसऱ्या जागी उतरवायचा. अट एकच: दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तशा असतील तर मेममूव्ह वापरावे, हे 1989 च्या सी भाषेच्या प्रमाणातच लिहिलेले आहे. का, ते पाटीवर करून पाहावे. चार घरे आखा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरात क, म, ल लिहा आणि हा शब्द एक घर डावीकडे न्या. डावीकडून सुरुवात केली तर ‘कमल’ सुखरूप पोचते. उजवीकडून केली तर आधी ‘ल’ हा ‘म’वर बसतो, मग तोच ‘क’वर, आणि हाती उरते ‘ललल’.

मेमकॉपी पूर्वी डावीकडून चाले. काही नव्या प्रोसेसरांवर उजवीकडून चालणे वेगवान ठरले, म्हणून त्यांच्यासाठी ती तशी लिहिली गेली. फ्लॅश तर अट मोडूनच ती वापरत होते. इतकी वर्षे ते खपून गेले, एवढेच. आता आवाजाचे ‘ललल’ झाले.

मग वाद पेटला. नियमाने पाहिले तर लायब्ररीकारांची बाजू बिनतोड होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र स्वतः एक छोटी मेमकॉपी लिहून फ्लॅशपुढे ठेवली, आवाज नीट झाल्याचे दाखवले आणि सामान्य वापरणाऱ्याची बाजू धरली. मला तीच बाजू पटते. फ्लॅशचा मूळ कोड बंद होता. ज्याचे गाणे चिरकत होते त्याच्या हातात दुरुस्त करण्यासारखे काहीही नव्हते, आणि प्रमाण वाचून गाणे सुधारत नाही.

तोडगा निघाला तो जुन्या तरतुदीतून. 1995 च्या सुमारास सन कंपनीच्या सोलॅरिसमध्ये लायब्ररीतल्या नावांना आवृत्तीचा शिक्का जोडण्याची सोय आली. ग्नूच्या बाजूला एरिक यंगडेल आणि उलरिख ड्रेपर यांनी ती पुढे नेली: एकाच लायब्ररीत एकाच नावाची दोन कामे, शिक्के मात्र वेगळे. 1999 च्या जीलिबसी 2.1 पासून हे रूढ झाले. पेशवाईत दोन माधवराव झाले, तर एक थोरले आणि दुसरे सवाई म्हणून ओळखले गेले. कागदात कोणाविषयी लिहिले आहे हे त्या उपपदावरून कळते. शिक्क्याचे काम तेच.

2011 च्या जीलिबसी 2.14 मध्ये मेमकॉपीची अशीच फोड झाली. 64-बिट इंटेल आणि एएमडी संगणकांवर जुन्या प्रोग्रामांच्या अंगावर 2.2.5 चा शिक्का होता. त्यांनी मेमकॉपी मागितली की त्यांच्या हाती मेममूव्हचे सुरक्षित काम ठेवले जाते. नव्याने बांधलेल्या प्रोग्रामला 2.14 ची, वेगवान आणि अट पाळायला लावणारी मेमकॉपी मिळते. लायब्ररीची नावे उलगडून पाहिली तर दोघी आजही शेजारी दिसतात: थोरलीपुढे एक ‘@’, धाकटीपुढे दोन. दोन म्हणजे आजची चालू.

याची किंमत उलट्या दिशेने मोजावी लागते. नव्या यंत्रावर बांधलेला प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर नेला, की जीलिबसी 2.14 सापडत नाही अशी तक्रार करून तो थांबतो. हा संदेश पाहून रात्री जागवलेले पुष्कळ जण असतील. तरी मला हा सौदा योग्य वाटतो. नवे बांधणाऱ्याकडे निदान मूळ कोड असतो, तो जुन्या यंत्रावर पुन्हा बांधता येतो.

हीच रीत 2021 मध्ये पुन्हा दिसली. थ्रेडचे काम पाहणारी लिबपीथ्रेड ही वेगळी लायब्ररी जीलिबसी 2.34 मध्ये मुख्य लायब्ररीत विलीन झाली. तिच्या नावाची फाइल मात्र अजून सोबत दिली जाते. आत काम करणारा कोड उरलेला नाही. जुना प्रोग्राम सुरू होताना ते नाव शोधतो, आणि ते त्याला सापडते.