हिवाळ्याआधीची तपासणी

युरोपात शरदात मधपाळ गवती टोपल्या उचलून वजन ताडत. जड टोपलीतल्या माश्या मधासाठी गंधकाच्या धुराने मारायच्या. हलक्यांतल्याही, कारण त्या हिवाळा काढणार नाहीत. मधल्या वजनाच्या तेवढ्या राखायच्या. पोळी टोपलीलाच चिकटलेली, आतला साठा दिसणार कसा?

१८५१मध्ये अमेरिकेतले धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांनी पेटीतल्या चौकटी सुट्या केल्या. १८५३मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आता चौकट उचलून मध किती ते पाहता येई, उणा असेल तिथे भर घालता येई. माश्या मारण्याची गरजच उरली नाही.

आपल्या महाबळेश्वरी सातेरीची उपासमार मात्र पावसाळ्यात. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. म्हणून पुस्तकांतली हिवाळ्याची तयारी मी मे महिन्यात वाचतो.